चुन्याने जाळलेला तीळ परत आला तेव्हा

रुग्ण : जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका, वय ३६, सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी राहणाऱ्या. तक्रार : डाव्या गालावरचा तीळ काढून घेतला होता, त्याच जागी काळा डाग परत आलाय आणि तो वाढतोय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अशीच तक्रार घेऊन आलेल्या इतरांच्या हकिकतीतल्या एकदोन गोष्टीही यात मिसळल्या आहेत.

हा तीळ जन्मापासूनचा नव्हता. सातवी-आठवीत असताना नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या घडीजवळ एक सपाट, गडद तपकिरी ठिपका दिसायला लागला. कॉलेजात असेपर्यंत तो तसाच होता. विशी ओलांडल्यावर हळूहळू वर आला, पहिल्या बाळंतपणानंतर आणखी फुगला, रंगाने मात्र उलट फिका पडत गेला. पस्तिशीत तो पाच मिलिमीटरचा, मऊ, जवळपास कातडीच्याच रंगाचा उंचवटा झाला होता. त्यातून दोन राठ केस यायचे, ते बाई चिमट्याने उपटायच्या. उपटल्यावर कधीतरी मुळाशी पू धरायचा, तीळ लाल होऊन दुखायचा. त्रास म्हणावा तर एवढाच. बाकी डी.एड.च्या प्रवेश अर्जापासून सेवापुस्तकापर्यंत 'ओळखीची खूण : डाव्या गालावर तीळ' अशी त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद होती.

काढायला घरातून विरोध होता. "बाईमाणसाच्या डाव्या गालावरचा तीळ लक्ष्मीचा असतोय, त्येला हात लावू न्हाई," असं सासूबाईंचं म्हणणं. ते त्यांनी पुढे मलाही ऐकवलं. पण दिराचं लग्न ठरलं, व्हिडिओ शूटिंग होणार म्हणून बाईंनी ओळखीच्या पार्लरमध्ये विचारलं. "मॅडम, पाच मिनिटांचं काम," असं उत्तर आलं, आणि पाचशे रुपयांत ते काम झालंही. पानाला लावायचा चुना आणि धुण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून काडीच्या टोकाने तिळावर लावला. आधी चुरचुर, मग चांगलीच आग. तीळ काळा पडला, खपली धरली, आठ-दहा दिवसांनी खपली पडली आणि खाली गुलाबी खळगा राहिला. लग्नात मेकअपखाली तो कुणाला दिसला नाही.

तीन महिन्यांनी खळग्याच्या मध्यावर काळा ठिपका आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. दोन्ही जुळले तेव्हा कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे काळा कुठे तपकिरी. बाईंनी मोबाईलवर शोधलं, कॅन्सरग्रस्त तिळांचे फोटो पाहिले, आपल्या गालाशी ताडून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून दवाखान्यात आल्या. त्यांची तुलना चुकलेली नव्हती. डाग खरोखरच त्या फोटोंसारखा दिसत होता.

चुन्याचं काय होतं ते आधी सांगतो, कारण हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. चुना आणि धुण्याचा सोडा ओले करून एकत्र केले की त्यातून कॉस्टिक सोडा, म्हणजे तीव्र अल्कली, तयार होतो. दहावीच्या रसायनशास्त्रातली साधी अदलाबदल आहे. आम्लाने भाजलं तर वरचा थर गोठतो आणि ते गोठणंच आम्लाला काहीसं अडवतं. अल्कलीचं तसं नाही, ती मेद आणि प्रथिनं विरघळवत खाली उतरत राहते. किती खाली उतरेल हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. एखाद्या गालावर खोल खड्डा पडतो, एखाद्यावर नुसता वरचा पापुद्रा जातो. याच पंगतीत बसणारे आणखी उपाय मी पाहतो : बिब्ब्याचं तेल, कोकणाकडे काजूच्या टरफलाचं तेल, अगरबत्तीचा चटका. बिब्बा त्यात सगळ्यात वाईट. एका तिळापायी अख्खा चेहरा सुजून डोळे मिटलेले रुग्ण येतात. घोड्याचा केस किंवा रेशमाचा दोरा बांधून पाडणं हे देठाच्या चामखिळीपुरतं कधी जमून जातं, तिळाला ते लागूच पडत नाही, कारण तिळाला बहुधा देठ नसतो.

या बाईंच्या बाबतीत चुन्याने वरचा भाग जाळला, खालचा तसाच राहिला. तो का राहिला हे कळायला तीळ म्हणजे काय ते पाहावं लागतं.

कातडीला रंग देणाऱ्या पेशी, मेलानोसाइट, बाह्यत्वचेच्या तळाशी सुट्यासुट्या बसलेल्या असतात. त्यांच्याच गोतातल्या पेशी एका ठिकाणी पुंजके करून राहिल्या की तीळ होतो. सुरुवातीला हे पुंजके बाह्यत्वचा आणि आतली त्वचा यांच्या सीमेवर असतात, म्हणून शाळकरी वयातला तीळ सपाट आणि गडद. पुढे काही पुंजके खाली उतरतात, तीळ थोडा वर येतो. आणखी वर्षांनी जवळजवळ सगळ्या पेशी आतल्या त्वचेत जातात, रंग बनवणं कमी करतात, आणि उरतो मऊ, फिका, बऱ्याचदा केसाळ उंचवटा. बाईंच्या तिळाने विशी ते पस्तिशी नेमका हाच रस्ता धरला होता. तीळ वर आला म्हणून घाबरून येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हे असंच असतं. संथपणे, वर्षानुवर्षांत वर येणं आणि फिकं होणं हे तिळाचं म्हातारपण आहे. उलट चाळिशीनंतर नव्याने उगवलेला आणि महिन्यामहिन्याला बदलणारा काळा डाग मी कधीही हसण्यावारी नेत नाही.

बहुसंख्य साध्या तिळांच्या पेशींत बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल झालेला सापडतो. हाच बदल मेलानोमा या कॅन्सरच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांतही सापडतो. मग प्रत्येक तीळ कॅन्सर का होत नाही? पेशी काही काळ वाढते आणि मग स्वतःलाच ब्रेक लावते, विभागणी थांबवते. तीळ म्हणजे ब्रेक लागून उभ्या राहिलेल्या पेशी. माणसाच्या अंगावर पंधरा-वीस तीळ सहज असतात आणि ते जन्मभर काही करत नाहीत, ते यामुळेच.

चुन्याने मात्र यातल्या वरच्या पेशी मारल्या. खालच्या पेशी व्रणाच्या तळाशी शाबूत होत्या. जखम भरताना नव्या बाह्यत्वचेत त्या पेशी आणि केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशी परत शिरल्या आणि जखमेच्या चिथावणीने रंगही जोरात बनवायला लागल्या. म्हणून परत आलेला तीळ मूळ तिळापेक्षा काळा आणि ओबडधोबड. कॉर्नबर्ग आणि अ‍ॅकरमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ मध्ये याचं वर्णन करताना 'स्यूडोमेलानोमा' म्हटलं, कारण सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा तो मेलानोमाशी गल्लत व्हावी असा दिसतो.

गल्लत कुठे होते ते नीट समजून घेण्यासारखं आहे. डाग संशयास्पद आहे का हे ओळखायला न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये चार कसोट्या सांगितल्या, पाचवी पुढे जोडली गेली : दोन अर्धे एकसारखे आहेत का, कडा नीट आहेत का, रंग एकच आहे का, व्यास सहा मिलिमीटरच्या वर आहे का, आणि बदल होतोय का. बाईंचा डाग व्यास सोडला तर सगळ्यांत नापास. जाळलेला, अर्धवट छाटलेला तीळ या कसोट्यांना असा खोटा गुन्हेगार होऊन सामोरा जातो. त्यामुळे कसोट्या लावण्याआधी त्या डागाचा इतिहास विचारायचा. बाईंनी तो आपणहून सांगितला नव्हता. "पार्लरमध्ये काढला" एवढंच म्हणाल्या होत्या, आणि मी लेसर किंवा विजेची सुई असेल असं धरून चाललो असतो तर चुन्याचं कळलंच नसतं. कशाने काढला, किती वेळा लावलं, काढलेला भाग कुठे गेला, हे तीन प्रश्न मी अशा प्रत्येकाला विचारतो. तिसऱ्याचं उत्तर बहुधा एकच येतं : खपली पडली, केरात गेली.

तपासणीत सहा मिलिमीटरचा, किंचित खोलगट व्रण. डाग चार मिलिमीटरचा, पूर्णपणे व्रणाच्या हद्दीत. डर्मोस्कोपखाली, म्हणजे दिवा लावलेल्या खास भिंगातून, व्रणाच्या पांढुरक्या पार्श्वभूमीवर मध्यापासून बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या तपकिरी रेघा आणि काही ठिपके दिसले. व्रणाची कड ओलांडून एकही रेघ बाहेर गेलेली नव्हती. ही सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट. परत आलेला साधा तीळ व्रणाच्या कुंपणात राहतो, मेलानोमा कुंपण मानत नाही. परत यायला लागलेला वेळही साध्या तिळाच्या बाजूने बोलत होता. असे तीळ बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच डोकं वर काढतात, वर्षानुवर्षांनी उगवलेल्या डागाकडे जास्त संशयाने पाहावं लागतं. जबड्याखाली, मानेत गाठी नव्हत्या. मूळ तीळ कसा होता याचा पुरावाही मिळाला. धाकट्या मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोत गाल जवळून आला होता, आणि त्यात तो फिका, गुळगुळीत, एकसारखा उंचवटा स्पष्ट दिसत होता.

यानंतर मी अंगावरचे बाकी तीळ पाहायला मागितले. गालाच्या तक्रारीसाठी पायातले मोजे काढायला सांगितले की रुग्णाला विचित्र वाटतं, बाईंनाही वाटलं. पण आपल्या कातडीत मेलानोमा झालाच तर तो गालावर क्वचित असतो. भारतात हा आजार दुर्मीळ, लाखामागे वर्षाला एकही नाही. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत तो उन्हाने भाजलेल्या पाठीवर, पायांवर होतो. आपल्याकडे त्याचा मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखांखाली सापडतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नाही. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या अशाच मेलानोमाने. अनवाणी चालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाच्या तळपायावरचा काळा डाग 'काटा मोडला असेल', 'दगड लागला असेल' म्हणून वर्षभर तसाच राहतो आणि जखम झाली की मग दाखवला जातो. गालावरचा निरुपद्रवी तीळ मात्र पार्लरपर्यंत पोचलेला असतो. हा उलटा हिशेब मला दर महिन्याला दिसतो.

बाईंच्या उजव्या तळपायावर तीन मिलिमीटरचा तपकिरी ठिपका होताच. कधीपासून आहे माहीत नव्हतं. तळव्याची कातडी म्हणजे सरी-वरंब्याचं शेत. साध्या तिळात रंग सरीतून वाहतो, मेलानोमात वरंब्यावर बसतो. जपानी त्वचातज्ज्ञांनी बारकाईने मांडलेला हा भेद भिंगातून पाहिला तर बऱ्याचदा मिनिटभरात निकाल लावतो. इथे रंग सरळ सरीत होता. फोटो काढून ठेवला, हात लावला नाही.

गालावरच्या डागाचं काय करायचं? निदान माझ्या मनात जवळजवळ पक्कं होतं. फोटो काढून तीन-तीन महिन्यांनी पाहत राहणं हा एक मार्ग होता, आणि मूळ तिळाचा लॅबचा अहवाल हातात असता तर मी तोच सुचवला असता. पण मूळ तीळ केरात गेला होता. तो सूक्ष्मदर्शकाखाली कुणी पाहिलेला नव्हता आणि फोटो म्हणजे अहवाल नव्हे. शिवाय बाईंना झोप लागत नव्हती, आणि निर्णयात मी त्यालाही वजन देतो. डाग व्रणासकट पूर्ण कापून काढायचा आणि तपासायला पाठवायचा, असं ठरलं.

बाईंची इच्छा वेगळी होती. "डॉक्टर, लेसरने नाही का जाणार? टाके नकोत." हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि त्यात चूक काही नाही. कार्बन डायऑक्साइड लेसर कातडीतलं पाणी तापवून थराथराने वाफ करतो, हात बसलेला असेल तर व्रण चांगला येतो. रंगावर मारा करणारा क्यू-स्विच लेसर डाग फिका करतो. विजेच्या सुईने, म्हणजे कॉटरीने, बारीकसारीक गोष्टी झटपट जातात. पण या तिन्हींत उरतं काय? धूर. लॅबला पाठवायला तुकडा नाही. चुना आणि लाखो रुपयांचं लेसर यंत्र या एका बाबतीत सारखेच. मेलानोमाची खोली किती यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही खोली मिलिमीटरमध्ये मोजायची पद्धत सांगितली, आणि आजही एक मिलिमीटरच्या आतला मेलानोमा आणि चार मिलिमीटरचा मेलानोमा यांचं भवितव्य दोन वेगळ्या आजारांचं वाटावं इतकं निराळं असतं. वरचा भाग जाळून टाकला की ती मोजपट्टीच मोडते. म्हणून ज्या डागात काळा-तपकिरी रंग आहे आणि ज्याबद्दल तिळभरही शंका आहे, त्यावर लेसर मारायचा नाही. बर्फाचा फवारा, म्हणजे उणे १९६ अंशाचा द्रव नायट्रोजन, हाही तिळासाठी नकोच. आपल्या सावळ्या कातडीवर तो पांढरा चट्टा ठेवून जातो आणि खालच्या पेशी राहतातच.

ऑनलाइन मिळणाऱ्या 'तीळ घालवणाऱ्या' मलमांबद्दल वेगळं काय सांगू? त्यांतल्या बऱ्याच मलमांत दाहक आम्लं किंवा अल्कलीच असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीळ काढायच्या एकाही बिनचिठ्ठीच्या औषधाला मान्यता दिलेली नाही, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अशी उत्पादनं विकणाऱ्यांना इशारापत्रंही धाडली. ट्यूबवर वनस्पतींची चित्रं असली तरी काम चुन्याचंच.

बाई लग्नाच्या आधी, तीळ शाबूत असताना आल्या असत्या तर गोष्ट फार सोपी होती. फिका, उंच, मऊ तीळ कातडीच्या पातळीला पात्याने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या तारेने छाटता येतो. टाका लागत नाही, दहा मिनिटं पुरतात, छाटलेला तुकडा बाटलीत जातो आणि गालावर राहतो तो सपाट, फिकट ठिपका. त्यातही खालच्या पेशी काही प्रमाणात उरतात, केस परत येऊ शकतो, एखाद्याला पुसटसा रंगही परत येतो. हे आधी सांगून ठेवायचं असतं. पण अहवाल फाइलला असला की तो रंग कुणाची झोप उडवत नाही. तीन-चार मिलिमीटरचा सपाट गडद तीळ असेल तर पंच, म्हणजे गोल धारेचं नळीसारखं हत्यार, फिरवून पूर्ण खोलीचा तुकडा काढतो आणि एखाददुसरा टाका घालतो. आता व्रणामुळे पातळीला छाटणं उपयोगाचं नव्हतं, कारण पेशी व्रणाच्या खाली होत्या. पूर्ण खोलीचा छेदच हवा होता.

त्याची किंमतही सांगितली. सहा मिलिमीटरचा व्रण, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर सोडून कापायचा म्हणजे रुंदी दहा मिलिमीटर. गोल कापून टाके घातले तर टोकांना कातडी फुगते, म्हणून छेद होडीच्या आकाराचा, रुंदीच्या तिप्पट लांब घ्यावा लागतो. म्हणजे सहा मिलिमीटरच्या खळग्यासाठी तीन सेंटिमीटरची रेघ. हा आकडा ऐकून बाई गप्प झाल्या. मग आरसा दिला आणि त्यांना हसायला सांगितलं. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी पडते, तिच्यावरच ही रेघ बसणार होती. छातीवर, खांद्यावर असा तीळ असता तर मी एवढ्या सहज सुचवलं नसतं, कारण तिथे व्रण जाड होऊन केलॉइड, म्हणजे व्रणाबाहेर पसरणारी गाठ, वाढण्याची भीती जास्त. जबड्याच्या कडेलाही मी जपून असतो. गालाच्या घडीत ही भीती कमी. कानाच्या पाळीवरच्या टोचलेल्या जागी गाठ आलेली नव्हती, जुन्या लसीचा दंडावरचा व्रणही सपाट होता, हे आधी पाहून घेतलं.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या नाहीत, साखरेची तपासणी पूर्वी कधी केलेली नाही, भुलीच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी ठाऊक नाही अशी नोंद करून संमतीपत्रावर सही घेतली. अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं लिग्नोकेन हे भुलीचं औषध बारीक सुईने टोचलं. पहिली काही सेकंदं चुरचुरतं, मग ओढल्याची जाणीव उरते, दुखत नाही. छेद चरबीपर्यंत, तुकडा एकसंध. वरच्या टोकाला खुणेचा टाका, म्हणजे एखादी कड अपुरी निघाली तर कोणत्या दिशेची ते कळावं. आतून विरघळणारे टाके, बाहेरून बारीक नायलॉन. अर्ध्या-पाऊण तासात बाई उठून बसल्या.

यानंतरचं काम दिसायला कारकुनी, पण या प्रकरणात मी सगळ्यात जास्त लक्ष त्याला दिलं. तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत पुण्याच्या लॅबला जातो, सोबत एक अर्ज जातो. त्यावर वय, जागा आणि 'तीळ?' एवढंच लिहून पाठवायची आपल्याकडे वाईट सवय आहे. मी लिहिलं : वीस-बावीस वर्षांचा जुना उंच फिका तीळ, सहा महिन्यांपूर्वी चुना-सोड्याने जाळला, तीन महिन्यांनी व्रणात रंग परत, रंग व्रणाबाहेर नाही, मूळ तिळाचा अहवाल उपलब्ध नाही, सोबत मूळ तिळाचा आणि आताचा फोटो. पॅथॉलॉजिस्टला फोनही केला. हा इतिहास नसता तर काचपट्टीवर बाह्यत्वचेत वाकडेतिकडे पसरलेले पुंजके पाहून कुणीही सावध होऊन 'मेलानोमा नाकारता येत नाही' असं लिहिलं असतं. त्या एका वाक्यानंतर रुग्णाच्या वाट्याला मोठी शस्त्रक्रिया, टाटामध्ये दुसरं मत आणि घरभर रडारड आली असती.

अहवाल नवव्या दिवशी आला. तीन मजल्यांचं चित्र होतं. वर बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींचे अनियमित पुंजके आणि भरपूर रंग. मधे आडव्या तंतूंचा व्रण. व्रणाखाली मूळ तिळाच्या शांत, खाली जाताना लहान होत गेलेल्या पेशी, विभागणी कुठेच नाही. व्रणाच्या बाजूला, निरोगी कातडीत पसरलेलं काही नाही, सगळ्या कडा मोकळ्या. निदान : परत आलेला साधा तीळ. बाईंनी अहवाल माझ्यासमोर दोनदा वाचला आणि 'मॅलिग्नन्सी' या शब्दाआधी 'नो' आहे ना हे बोट ठेवून विचारलं.

बाहेरचे टाके सहाव्या दिवशीच काढले होते. चेहऱ्यावर जास्त ठेवले तर टाक्यांच्याच खुणा राहतात. पुढचे तीन महिने सकाळी सनस्क्रीन आणि रात्री सिलिकॉन जेल. शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभं राहायचं असल्याने पदर किंवा टोपी हाही औषधाचाच भाग. तरी दुसऱ्या महिन्यात रेघ काळसर झाली. जखमेनंतर आपली कातडी रंग धरतेच, आणि हा रंग रेघेभर एकसारखा पसरतो, ठिपक्याने येत नाही. एवढा फरक बाईंना आधीच दाखवून ठेवला होता, त्यामुळे यावेळी मोबाईलवर शोधणं झालं नाही. चौथ्या महिन्यात रंग उतरायला लागला. वर्षाच्या तपासणीला हसल्याशिवाय रेघ शोधावी लागत होती, आत रंगाचा ठिपका नव्हता, तळपायावरचा तीळ फोटोतल्यासारखाच होता.

सेवापुस्तकाचा प्रश्न बाईंना कॅन्सरच्या खालोखाल सतावत होता. ओळखीची खूणच गेली, आता पेन्शनच्या वेळी अडवतील का? तीळ शस्त्रक्रियेने काढल्याचं आणि त्या जागी तीन सेंटिमीटरचा व्रण असल्याचं प्रमाणपत्र मी दिलं. ते जोडून त्यांनी मुख्याध्यापकांमार्फत नोंद बदलण्याचा अर्ज केला. व्रण हीही ओळखीची खूणच आहे, आणि ती आता कुणी चुन्याने घालवू शकणार नाही. सासूबाईंनी मात्र लक्ष्मीचा विषय सोडला नाही. पार्लरवालीने आधीच अर्धी घालवली, उरलेली डॉक्टरने, असा त्यांचा हिशेब.

त्या वर्षाच्या तपासणीलाच बाईंनी मानेवरच्या बारीक चामखिळी दाखवल्या आणि "याही लॅबला पाठवायच्या का?" असं जरा धास्तीनेच विचारलं. नाही. चामखिळीत तिळाच्या पेशी नसतात, देठावर लोंबणारी ती साधी कातडी असते. त्या कॉटरीने तिथल्या तिथे जाळल्या, लॅबला काही पाठवलं नाही. चाळिशीकडे झुकलेल्या बायकांच्या गालांवर, डोळ्यांखाली जे बारीक काळे खडबडीत दाणे येतात आणि तीळ म्हणून दाखवले जातात, त्यांनाही हाच न्याय, मात्र ते तेच आहेत हे भिंगाखाली एकदा पाहून घेतल्यावर. बाईंच्या मानेच्या मागे कातडी काळपट आणि जाडसर होती. चामखिळींसोबत ती दिसली की ते इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याचं लक्षण असू शकतं. म्हणून उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी लिहून दिली. दोन्ही काठावर निघाल्या, आणि बाईंना चिठ्ठी देऊन फिजिशियनकडे पाठवलं.